"काही निघालं की फोन करा" : घराच्या वॉरंटीबद्दल फिरणाऱ्या एका मेसेजला उत्तर

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर मावसभावाने एक मेसेज टाकला. दोन दिवसांत तोच सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग मी जिथे हिशेब बघते त्या टॉवेलच्या कारखान्यातल्या बायकांच्या ग्रुपवर. नवीन घर घेतलेल्यांना उद्देशून लिहिलेला हा मेसेज थोडक्यात असा: "वॉरंटी संपायच्या आत घर तपासून घ्या असं सांगून इंजिनीअर लोक पैसे उकळतात, फसू नका. (१) भोगवटा दाखला मिळाला म्हणजे सरकारी तपासणी झालेलीच असते. (२) रेरामुळे बिल्डर ५ वर्षं बांधील आहे, काही निघालं की फोन करा. (३) सोलापूरच्या उन्हाने भेगा पडतातच, त्यात बिल्डरचा दोष नसतो. (४) ताबापत्रावर 'समाधानी आहे' म्हणून सही केली की हक्क संपला. (५) इमारत सोसायटीच्या नावावर झाली की बिल्डर सुटला. (६) तपासायचंच असेल तर ओळखीचा गवंडी फुकट बघतो. जास्तीत जास्त पुढे पाठवा."

दादाचा हेतू चांगलाच होता, लोकांचे पैसे वाचावेत हा. पण यातल्या दुसऱ्या मुद्द्यावर विसंबून आमच्या घरातून चौसष्ट हजार रुपये गेले आहेत. आणि पुढच्या वर्षा-दोन वर्षांत ज्यांची मुदत संपणार आहे अशी होटगी रोडला, जुळे सोलापुरात, शेळगीकडे, बाळ्याकडे कितीतरी घरं आहेत. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते. क्रम मेसेजचा नाही, माझा आहे. सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य आधी.

"५ वर्षं बिल्डर बांधील आहे, काही निघालं की फोन करा."

यात पहिला अर्धा भाग खरा आहे, म्हणूनच दुसरा अर्धा घातक ठरतो. रेरा म्हणजे २०१६ चा स्थावर संपदा कायदा. त्याच्या कलम १४ मध्ये तिसरं पोटकलम आहे. ते सांगतं की इमारतीच्या सांगाड्यातला दोष असो, किंवा कामाच्या, दर्जाच्या, सोयींच्या बाबतीतला दोष असो, ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत तो बिल्डरच्या निदर्शनास आणून दिला, तर बिल्डरने ३० दिवसांत स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा. नाही केला तर घरमालकाला भरपाई मागता येते.

यातले "निदर्शनास आणून दिला" हे शब्द नीट वाचा. दोष ५ वर्षांच्या आत निर्माण होऊन उपयोग नाही. तो दिसला पाहिजे, तुम्ही तो कळवला पाहिजे, आणि कळवल्याचं दाखवता आलं पाहिजे.

आम्हाला ताबा मिळाला १२ एप्रिल २०१९ ला. २०२२ च्या सुमारास खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी सांगितलं की त्यांच्या बाथरूमच्या छताला पिवळट डाग आलाय, ताटलीएवढा. मी बिल्डरच्या ऑफिसला फोन केला. तिकडची मुलगी गोड बोलली, "पाठवते मॅडम माणूस." माणूस आला. आमच्या बाथरूमच्या टाइल्सच्या सांध्यांत पांढरं सिमेंट भरलं आणि गेला. डाग वाळल्यासारखा झाला, आम्ही विसरलो. वर्षभराने पुन्हा डाग, पुन्हा फोन, पुन्हा पांढरं सिमेंट. जुलै २०२४ मध्ये वहिनींच्या छताचा पोपडा पडला आणि आतली सळई दिसायला लागली, गंजून फुगलेली. तेव्हा ऑफिसने सांगितलं, "मॅडम, एप्रिलमध्येच ५ वर्षं झाली तुमची." मी म्हटलं, आम्ही दोन वेळा सांगितलं होतं. ते म्हणाले, आमच्याकडे नोंद नाही. आमच्याकडेही नव्हती. फोन बदललेला, कॉलची यादी गेलेली, माणसाचं नाव माहीत नाही.

फरशी फोडल्यावर दोष कळला. नहाणी ट्रॅपचा, म्हणजे बाथरूमच्या जाळीखालच्या भांड्याचा, पाइप जिथे स्लॅबमधून खाली जातो तिथली फट कधी नीट भरलेलीच नव्हती. पाच वर्षं रोज आंघोळीचं पाणी थोडं थोडं तिथून झिरपत होतं. वरून सिमेंट भरून त्याला काही होणार नव्हतं. फरशी, ट्रॅप, वॉटरप्रूफिंग, वहिनींचं छत, सगळं मिळून चौसष्ट हजार. पैशांपेक्षा मला वाईट वाटलं ते वहिनींसमोर उभं राहताना. त्यांच्या घरात दोन-अडीच वर्षं ओल होती आणि आम्ही फोन करून समाधान मानलं होतं.

म्हणून सांगते, फोन करा, पण त्याच दिवशी पत्रही लिहा. करारनाम्यात बिल्डरचा जो पत्ता आणि जो ईमेल आहे, त्या दोन्हींवर. पत्र पोहोचपावतीसह स्पीड पोस्टाने (जुनं रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच मिसळलंय). पावती आणि पोहोच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून करारनाम्याच्या फायलीत लावा. पत्रात "बाथरूममध्ये गळती आहे" एवढंच लिहू नका. "मागच्या बेडरूमला लागून असलेलं बाथरूम, पूर्वेकडची भिंत, फरशीपासून दीड फुटापर्यंत ओल, रंगाचे पोपडे सुटलेले, फोटो क्रमांक ४ व ५, दिनांक अमुक" असं लिहा. फोटो काढताना शेजारी पट्टी धरा म्हणजे माप कळतं. शेवटी "कलम १४(३) प्रमाणे ३० दिवसांत दुरुस्ती करावी" ही ओळ घाला.

आता ५ वर्षं कधीपासून मोजायची? करारनाम्याच्या तारखेपासून नाही, वास्तुशांतीपासूनही नाही. ताबापत्रावरच्या तारखेपासून. एकाच इमारतीत तुमची तारीख आणि शेजाऱ्याची तारीख वेगळी असू शकते.

आणि ही ५ वर्षं सगळ्यांनाच आहेत असंही मेसेज गृहीत धरतो. ज्या प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नाही किंवा ज्यात ८ पेक्षा जास्त घरं नाहीत, त्याला रेराच्या नोंदणीची सक्ती नाही. सोलापुरात अशा चार-सहा घरांच्या रो हाउस स्कीम आणि लहान अपार्टमेंट गल्लोगल्ली आहेत. तिथे महारेराचं, म्हणजे रेराखालच्या राज्याच्या प्राधिकरणाचं, दार उघडं असेल असं धरून बसू नका. १९६३ च्या महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट कायद्यात दोष कळवायला ३ वर्षं आहेत. ग्राहक आयोगाकडे जायचं तर तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांत जावं लागतं. स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून बांधून घेतलं असेल तर ठेकेदाराशी झालेला करार हाच मुख्य आधार, त्यामुळे त्यात काय लिहिलंय ते आजच काढून वाचा. प्रकल्पाची नोंदणी आहे की नाही हे महारेराच्या संकेतस्थळावर नाव टाकून पाच मिनिटांत कळतं.

"काही निघालं की" या तीन शब्दांबद्दलही बोलायला हवं. निघायला काही कारण घडावं लागतं. गच्चीचं वॉटरप्रूफिंग कच्चं असेल तर ते जोराच्या पावसातच कळणार. आपल्याकडे पाऊस मुळात कमी, त्यात एखादं वर्ष कोरडंच जातं. २०२३ आठवा. जिल्ह्यातल्या कितीतरी तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला होता. त्या वर्षी कोणाच्याच गच्चीची परीक्षा झाली नाही. उलट ऑक्टोबर २०२० मध्ये किंवा सप्टेंबर २०२५ मध्ये, सीना नदीला पूर आला तेव्हा, न गळणारी घरंसुद्धा गळली. म्हणजे कागदावर ५ पावसाळे, पण भिंत भिजवणारे त्यातले दोन किंवा तीनच. डाग आपणहून दिसेल याची वाट बघत मुदत जाऊ द्यायची, की मुदतीच्या आत आपणच पाणी सोडून बघायचं?

"सोलापूरच्या उन्हाने भेगा पडतातच."

पडतात. मे महिन्यात ४२-४३ अंशांत स्लॅब दिवसभर तापतो, फुगतो, पहाटे आकसतो. वरच्या मजल्यावर स्लॅबच्या लगेच खाली भिंतीला आडवी भेग दिसते ती बरेचदा यामुळेच. बीम-कॉलम काँक्रीटचे, मधली भिंत विटेची किंवा ब्लॉकची. दोघांचं फुगणं-आकसणं सारखं नसतं, म्हणून सांध्यावर गिलाव्याला तडा जातो.

पण ऊन काही काल सोलापुरात आलेलं नाही. काँक्रीट आणि वीट जिथे भेटतात तिथे गिलाव्याच्या आत जाळी ठोकायची असते, हे कुठल्याही गवंड्याला माहीत असतं. जाळी घातली नसेल तर तो कामाचा दोष झाला, आणि कामाचा दोष कायद्याच्या शब्दांतच आहे. तसंच पाणी मारण्याचं. भारतीय मानक आयएस ४५६ सांगतं की उष्ण आणि कोरड्या हवेत काँक्रीटला किमान १० दिवस ओलावा ठेवायचा. आपल्या गावात नळाला काही दिवसांआड पाणी, बांधकामावर बोअर नाहीतर टँकर. उन्हाळ्यात कुठे कसं पाणी मारलं गेलं असेल याचा अंदाज आपल्यालाच येतो. गिलाव्यावर तळहात घासून बघा. वाळू सुटून हाताला लागत असेल तर तो गिलावा तहानलेला राहिलाय.

शिवाय सगळ्या भेगा उन्हाच्या नसतात. इथली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात अशी फाटते की शेतात भेगेत हात जातो. पाया मुरमापर्यंत, कठीण थरापर्यंत नेला असेल तर घर शांत राहतं. पण पोर्च, बाहेरच्या पायऱ्या, कंपाउंडची भिंत हे बरेचदा वरच्यावर उभं केलेलं असतं. ते वेगळं खचतं आणि मुख्य भिंतीपासून सुटतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी खाली जाणारी भेग दिसली तर लक्ष द्या. तीच भेग भिंतीच्या बाहेरच्या बाजूला त्याच जागी असेल तर ती नुसत्या गिलाव्याची नाही, भिंतीची आहे. आणि कॉलमच्या किंवा बीमच्या लांबीला धरून उभी-आडवी गेलेली, कडेला गंजाचा तपकिरी ओघळ असलेली भेग दिसली तर त्या दिवशीच इंजिनीअरला बोलवा.

माझ्या धाकट्या बहिणीचं रो हाउस शेळगीकडे आहे. १८ डिसेंबर २०२१ ला, दत्तजयंतीच्या दिवशी, ताबा घेतला. आमच्या बाथरूमचं प्रकरण झाल्यावर मी तिच्या मागे लागले. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली अशी तिरकी भेग होती. मे २०२५ मध्ये मी तिला एवढंच करायला लावलं: भेगेच्या दोन्ही टोकांना शिसपेन्सिलीने बारीक रेघ, शेजारी तारीख. मधे भेगेच्या अल्याड-पल्याड दोन ठिपके, आणि त्यांच्यातलं अंतर पट्टीने मोजून भिंतीवरच लिहिलं, ४० मिलिमीटर. नोव्हेंबरमध्ये बघितलं तर खालचं टोक रेघेच्या पुढे चार बोटं सरकलेलं, आणि ठिपक्यांतलं अंतर ३९ वर आलेलं. पावसाने माती फुगली, भेग मिटत आली, पण लांब झाली. पुढच्या मेमध्ये ती पुन्हा उघडणार. रंगवाल्याकडून लांबी (पुट्टी) भरून घेतली असती तर हे कधी कळलंच नसतं. केसासारखी बारीक, वर्षभर जागची न हललेली भेग असेल तर मीसुद्धा म्हणेन, राहू दे. पण ती हललेली नाही हे तपासून म्हणायचं.

"भोगवटा दाखला म्हणजे सरकारी तपासणी."

भोगवटा दाखला हवाच, त्याशिवाय ताबा घेऊ नये. पण महापालिका तो देताना बघते ते वेगळं. मंजूर नकाशाप्रमाणे बांधलंय का, सोडायची जागा सोडलीय का, मजले तेवढेच आहेत का, आग, पाणी, सांडपाणी यांच्या परवानग्या आहेत का. इमारत मजबूत असल्याचा दाखला बिल्डरने नेमलेला स्ट्रक्चरल इंजिनीअर देतो. तुमच्या बाथरूमची टाइल कोणी वाजवून बघत नाही, तुमच्या गीझरच्या सॉकेटमध्ये कोणी टेस्टर घालत नाही.

बहिणीकडे हेच निघालं. तिने घर तपासायला बोलावलेल्या इंजिनीअरसाहेबांनी खिशातून तीन पिनांचं, दिवे असलेलं लहानसं टेस्टर काढलं आणि घरभर एकेका सॉकेटमध्ये घालत गेले. हॉलमध्ये ठीक. स्वयंपाकघरात ठीक. वरच्या बाथरूमच्या गीझरच्या पॉइंटला आले आणि एक दिवा लागलाच नाही. अर्थिंग नाही. प्लेट उघडली तर हिरवी वायर होती, पण मोकळी, गुंडाळून आत कोंबलेली. चार वर्षं त्या गीझरखाली माझे भाचे आंघोळ करत होते. बहीण मटकन पायरीवर बसली. मग मीटरच्या बोर्डातल्या आरसीसीबीवरचं (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) "टेस्ट" लिहिलेलं बटण दाबलं, तो खटकन पडला, तेवढं एक बरं होतं. ते बटण तुम्ही आज घरी जाऊन दाबू शकता. दाबल्यावर वीज गेली नाही तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालायचं असतं हेही लक्षात असू द्या. आपली जमीन एप्रिल-मेमध्ये ठार कोरडी होते आणि कोरड्या मातीत अर्थिंग नीट काम करत नाही.

"समाधानी आहे अशी सही केली की हक्क संपला."

हाच मेसेज दुसऱ्या मुद्द्यात म्हणतो की ५ वर्षं बिल्डर बांधील आहे, आणि इथे म्हणतो की सहीने हक्क संपतो. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. कायद्याने दिलेली जबाबदारी ताबापत्रातल्या छापील ओळीने पुसली जात नाही. दोषदुरुस्तीचं कलम करारनाम्यात बदलता येणार नाही अशा कलमांमध्ये महारेराने घातलंय. आणि ताब्याच्या दिवशी जो दोष फरशीखाली झाकलेला होता त्याबद्दल तुम्ही समाधान कसं व्यक्त करणार? तरी सही करताना खाली हाताने लिहा, "दिसलेले दोष सोबतच्या यादीप्रमाणे, बाकी तपासणी राखून." कोणी अडवलं तर यादी त्याच दिवशी ईमेल करा.

या मुद्द्याच्या आसपास एक खरी भीती आहे, ती मात्र मेसेजमध्ये नाही. अनेक करारनाम्यांत असं कलम असतं की बाथरूम, संडास, स्वयंपाकघर यांत बिल्डरच्या लेखी परवानगीशिवाय पाइप, फरशी, नळ बदलले आणि त्यातून गळती झाली, तर दुरुस्तीची जबाबदारी संपते. आपल्याकडे ताबा मिळाल्याबरोबर ओटा तोडून नवा ग्रॅनाइट, बाथरूमला वेगळ्या टाइल्स, वॉशिंग मशीनसाठी बाल्कनीत नळ हे ठरलेलं. करायचं तर करा, पण आधी एक ईमेल टाकून परवानगी मागा, उत्तर जपून ठेवा, आणि फोडायच्या आधी त्या जागेचे फोटो काढा.

"सोसायटीच्या नावावर झाली की बिल्डर सुटला."

सुटत नाही. कलम ११(४) मध्ये स्पष्ट आहे की सगळ्यांना खरेदीखत करून दिल्यावरसुद्धा दोषांची जबाबदारी ५ वर्षांच्या मुदतीपर्यंत चालूच राहते. गच्ची, जिना, लिफ्ट, ड्रेनेज, पाण्याची टाकी हे सगळ्यांचं, म्हणून कोणाचंच राहत नाही, एवढीच अडचण. कमिटीने इमारतीत सर्वांत आधी ताबा मिळालेल्या घराची तारीख धरावी आणि तिच्या आत पत्र द्यावं. सोलापुरात एक गोष्ट आधी तपासा, जमिनीतला हौद. काही दिवसांआड येणारं उजनी धरणाचं पाणी त्यातच साठतं, आणि तो झिरपत असेल तर वरून काहीच दिसत नाही, फक्त "यावेळी पाणी लवकर संपलं" असं वाटतं. हौद भरला की रात्री मोटर बंद ठेवा, आत येणारा वॉल्व्ह बंद करा, पातळीला खडूची खूण करा, सकाळी बघा. शेजारी ड्रेनेजचं चेंबर असेल तर हा प्रयोग टाळूच नका. पाणी बाहेर जाऊ शकतं तिथून आतही येऊ शकतं.

"ओळखीचा गवंडी फुकट बघतो."

गवंड्याला कमी लेखायचा माझा विचार नाही. ज्याने तीस वर्षं गिलावा केलाय त्याला पोकळ जागा कानाने कळते. पण त्याचं म्हणणं तोंडी असतं. बिल्डरपुढे किंवा आयोगापुढे लागतो तो सहीचा अहवाल: दोष कुठे, किती, कशामुळे, दुरुस्ती काय. शिवाय ओळखीचा गवंडी बरेचदा त्याच बिल्डरच्या साइटवर कामाला असतो, त्याच्या पोटावर पाय आणू नये.

बहिणीने बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या एका इंजिनीअरना बोलावलं. त्या बिल्डरशी त्यांचा संबंध नाही हे आधी विचारून घेतलं. त्यांनी साडेसहा हजार घेतले आणि दोन दिवस दिले. ते पैसे "उकळणं" होतं का, तुम्हीच ठरवा. पहिल्या दिवशी सकाळी त्यांनी बाथरूमच्या जाळीत कापडाचा बोळा कोंबला, वर शाडूची माती दाबली, आणि फरशीवर दोन इंच पाणी भरलं. पाण्याची पातळी जिथे आली तिथे टाइलवर पेन्सिलीने रेघ. दार बंद. "चोवीस तास कोणी आत जायचं नाही," म्हणाले. मग लाकडी मुठीचा हातोडा उलटा धरून घरभर टाइल्स वाजवत फिरले. ठक, ठक, ठक, आणि मधेच ढब. ढब आला की खडूने फुली. जिन्याखालच्या पट्ट्यात लागोपाठ अकरा फुल्या आल्या. खाली मसाला कोपऱ्यांनाच लावलेला, मध्ये पोकळ. बाल्कनीत बादलीभर पाणी ओतलं तर ते जाळीकडे न जाता हॉलच्या दाराकडे आलं. खिडक्यांच्या बाहेरच्या कट्ट्यांवर पाणी टाकून बघितलं, एका कट्ट्याचा उतार आत होता. तिथेच आतल्या भिंतीला खालून लोणा (ओलीबरोबर वर येणारा पांढरा क्षार) फुटला होता, पांढरी बुरशी समजून बहीण तो दर दिवाळीला खरवडत होती.

दुसऱ्या दिवशी बाथरूम उघडलं. पाणी रेघेच्या खाली बोटभर गेलेलं, आणि खालच्या स्टोअरच्या छतावर दमट चंद्रकोर, अजून डाग म्हणण्याइतकीही नाही. आपणहून दिसायला तिला आणखी दोन वर्षं लागली असती, असं साहेब म्हणाले. तोवर डिसेंबर २०२६ उलटून गेला असता.

तुमची मुदत जवळ असेल तर माझं सांगणं एवढंच. चौथा पावसाळा संपला की, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, तपासणी करून घ्या. बिल्डरच्या हातात वर्षभर राहतं, दुरुस्ती झाल्यावर एक पावसाळा आणि एक उन्हाळा ती टिकते का हे मुदतीच्या आत कळतं. शेवटच्या महिन्यात धावाधाव केली तर पत्र जातं, पण केलेली दुरुस्ती फसली हे कळायला वेळ उरत नाही. बिल्डरने ३० दिवसांत दाद दिली नाही तर महारेराकडे ऑनलाइन तक्रार करता येते, शुल्क ५,००० रुपये, आणि सुनावणीला व्हिडिओवरूनही हजर राहता येत असल्याने मुंबईच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. घराची दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर सोलापुरातच जिल्हा ग्राहक आयोग आहे.

बहिणीने अहवाल जोडून चौदा दोषांचं पत्र डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात पाठवलं. सुरुवातीला नेहमीचा फोन आला, "मॅडम, पत्र कशाला, सांगायचं ना." तिने नम्रपणे सांगितलं की कळवायचं ते पत्रात आहे. जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, माणसं आली. बाथरूमची फरशी काढली, ट्रॅप बदलला, वॉटरप्रूफिंग नव्याने केलं. टाइल्स बसवायच्या आधी तिने ४८ तास पाणी भरून ठेवायला लावलं आणि स्टोअरच्या छताचा फोटो तारखेसह काढला. गीझरची हिरवी वायर त्यांनी पहिल्याच दिवशी जोडून दिली. अकरा टाइल्स बदलल्या, रंग थोडा वेगळा आलाय, तो तिने चालवून घेतला.

खिडकीखालच्या भेगेबद्दल मात्र बिल्डरचं उत्तर आलं की ती ऊन-पावसाने पडलेली आहे. त्यावर बहिणीने मे आणि नोव्हेंबरचे फोटो, ४० आणि ३९ चं माप, आणि साहेबांचं एक पानी मत जोडून दुसरं पत्र पाठवलंय. पोहोचपावती परवा आली. पेन्सिलीच्या रेघा तशाच आहेत, रंगवायचं काम तिने थांबवून ठेवलंय, आणि यंदाच्या मे महिन्यात मी पट्टी घेऊन जाणार आहे.